केबिनमधला पाऊस

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. हत्ती, बेडूक किंवा म्हैस निघाली की शेतकरी खूश. कोल्हा किंवा मेंढा निघाला की चेहरे उतरतात. गाढव, घोडा, उंदीर, मोर ही बाकीची मंडळीही पाळीपाळीने ड्यूटीवर येतात. इतक्या वर्षांत या यादीत पिकअप कशी आली नाही, याचं मला नवल वाटतं. सिंधुदुर्गात मृगापासून हस्तापर्यंत पाऊस पिकअपनेच फिरतो. आणि हौद्यात नव्हे. केबिनमध्ये, पुढच्या सीटवर, भाडं न देता.

ही पिकअप माझ्या मावसभावाची. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो आणि पिकअपला नुसतंच ‘गाडी’. वीस वर्षांहून जुनी, दादाच्या आधी तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. कोणत्या कंपनीची ते विचारू नका. बॉनेटवरचं चिन्ह मागच्या कुठल्या तरी मालकाच्या काळात कुणीतरी उपटून नेलं, आणि त्या जागी आता पंचमुखी मारुती आहे. एप्रिल-मेमध्ये ती हापूसच्या पेट्या घेऊन वाशीच्या मार्केटला जाते, जूनमध्ये खताच्या गोणी वाहते, भाद्रपदात गणपती, दिवाळीनंतर चिरे. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक लागतात. फिटनेसला नेली की दिवे बघतात, ब्रेक बघतात, धूर बघतात. टपावर बादली ओतून आत कोण भिजतं ते बघायची पद्धत तिथे नाही. त्यामुळे कागदोपत्री गाडीला काहीही झालेलं नाही. कागद तेवढे ओले असतात.

गाड्यांच्या कारखान्यांत मात्र ही पद्धत आहे. नवी गाडी बाहेर पडण्याआधी तिला एका बंदिस्त बोळात उभी करतात, चहूबाजूंनी पाण्याचे फवारे मारतात आणि आत थेंब आला का ते पाहतात. काही मिनिटांचं काम. कोकणात हीच तपासणी चार महिने चालते आणि दरवर्षी चालते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. केबिनचं टप सुमारे दोन चौरस मीटरचं धरा. म्हणजे एकट्या टपावर वर्षाकाठी सहा हजार लिटर पाणी पडतं. गाडी आंबोलीला राहायला गेली असती तर हा आकडा दुपटीच्याही पुढे गेला असता. त्यातलं शंभरातलं एक लिटर जरी आत आलं तरी साठ लिटर झालं. दादाच्या मते बाकीचे नव्व्याण्णव बाहेर राहतात हे कौतुकाचं आहे. आपण चांगलं बघावं.

केबिनमध्ये तीन माणसं बसतात. कोण कुठे बसणार हे वय, नातं आणि गळती यांवर ठरतं. ड्रायव्हरची जागा कोरडी आहे असं दादा सांगतो. तिथे दुसरं कुणी बसून पाहिलेलं नसल्याने या दाव्याची शहानिशा होत नाही. मधल्या जागेवर दोन गुडघ्यांमध्ये गिअर असतो आणि डोक्यावर केबिनचा दिवा. या दिव्यातून उजेड येत नाही, थेंब येतो. तो बरोबर भांगात पडतो आणि त्याला वक्तशीरपणा आहे. इतका, की मधे बसलेला माणूस बोलता बोलता थांबतो, थेंब घेतो आणि पुढचं वाक्य बोलतो. दाराकडची जागा मानाची. ती पाहुण्याला देतात. कुडाळ स्टेशनवर गाडीत बसलेल्या पाहुण्याला पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग उजवं वळण येतं, आणि डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी साठलेलं लोटाभर पाणी डावीकडे येऊन थेट त्याच्या बुटात उतरतं. त्यामुळे जावई यायचे असले की दादा लांबचा रस्ता घेतो. त्या रस्त्यावर उजवी वळणं कमी आहेत.

माणूस आजारी पडला तर निदान वैद्यकाचा थोडा तरी गंध असलेले लोक सल्ला देतात. गळक्या गाडीबाबत ही अट नाही. चहाच्या टपरीवर गाडी थांबली की टपरीवाला दाराचं रबर दाबून बघतो आणि मान हलवतो. एसटीची वाट बघत उभे असलेले निवृत्त मास्तर वायपरच्या दांड्याकडे बोट दाखवतात. ज्याने आयुष्यात छत्रीही दुरुस्त केलेली नाही तो सांगतो, “सिलिकॉन मारा, विषय संपलो.”

पण या सगळ्यांपेक्षा ऐकण्यासारखं बोलतात ते ज्यांनी या गाडीवर आधी काम केलेलं आहे ते. पुढची काच बसवणारा आला, त्याने टॉर्च मारला, काचेकडे फारसं न बघता टपाच्या कडेवर नख ओढलं आणि म्हणाला, “काच बरी आसा, दादानू. पत्रो कुसलो.” पत्र्याचं वेल्डिंग करणारा दुसऱ्या दिवशी आला. त्याने पत्र्यावर मूठ आपटली. “पत्रो लोखंडासारको आसा. रबर गेलां.” दोघेही खरं बोलत होते. फक्त स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं दोघांनी टाळलं.

सिलिकॉनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या गाडीत पत्र्यापेक्षा सिलिकॉन जास्त असावं अशी मला शंका आहे. बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. नळी उघडल्यावर नाकाला झोंबतो तो व्हिनेगरचा वास त्याचाच. उघड्या लोखंडाला हे ॲसिड गंज चढवतं. म्हणजे गंजलेल्या भोकावर सिलिकॉन मारलं की वरून भोक बुजतं आणि खालून मोठं होत जातं. आणखी एक गुण असा की सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही नीट चिकटत नाही. रंग नाही, लांबी नाही, नवं सिलिकॉनही धड नाही. तरी माणसं थरावर थर देत राहतात. ओल्या पत्र्यावर तर ते नुसतं टेकतं. त्याच्यामागून पाणी निवांत ये-जा करतं आणि समोरून बघणाऱ्याला काम झाल्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच डांबरीकरणाचंही असंच आहे, पण तो विषय वेगळा.

दादाचा गळतीचा सगळा अभ्यास घरावर झालेला. कौलारू घर गळलं की थेंब पडतो तिथून मान वर केली की फुटलेलं कौल फार लांब नसतं. काठीने सरकवलं, खाली टोप ठेवला, पावसाळा काढला. केबिनला हे ज्ञान लागू होत नाही. पाणी सरळ खाली पडतं हा समज आपल्याला नळाने करून दिलेला आहे. पत्र्याच्या आतल्या अंगाला ते चिकटतं आणि चिकटूनच आडवं चालतं. टपाच्या मागच्या शिवणीतून शिरलेलं पाणी पुढे येतं, काचेच्या बाजूच्या खांबात उतरतं, वायरीच्या जुडग्याला धरून डॅशबोर्डखाली जातं आणि एखाद्या स्क्रूचं टोक भेटलं की तिथे हात सोडतं. थेंब डाव्या पायावर पडला म्हणजे भोक उजव्या कोपऱ्यात असू शकतं.

शिवाय गाडी धावायला लागली की वेगळेच नियम सुरू होतात. ताशी साठच्या वेगाने समोरून आदळणारा वारा पाण्याला साधारण दीड सेंटिमीटर वर चढवू शकतो. काचेच्या रबराखाली साचलेलं पाणी उभ्या गाडीत तिथेच राहतं, पण हायवेला लागलं की उंबरठा ओलांडून आत येतं. श्वासाने काच धुरकटली म्हणून खिडकी चार बोटं उघडावी, तर बाजूने जाणारा वारा केबिनमधली हवा ओढून घेतो आणि आत दाब कमी होऊन बाहेरचं पाणी आणखी उत्साहाने शिरतं. गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडी कधीच गळत नाही, हा जो गाडीवाल्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे त्यात मेस्त्रीला वाटतो तसा मालकाचा खोटेपणा नाही. तिथे वारा नसतो.

एवढं सगळं माहीत असूनही दादाने आणखी एक पावसाळा तसाच ढकलला असता. पण मधे गणपती आले.

दादाकडचा गणपती शाडूचा. शाळा लांब आहे. गणपतीची शाळा म्हणजे मूर्ती घडवतात ती, जिथे आषाढापासून सगळी मुलं पडीक असतात. पाट डोक्यावर घेऊन इतकं अंतर चालणं आता कुणाला झेपत नाही, म्हणून मूर्ती गाडीने आणतात. हौद्यात ताडपत्रीखाली ठेवायची कुणाची छाती नव्हती. खड्ड्यांनी सोंड राहिली नसती. तेव्हा बाप्पा केबिनमध्ये, मधल्या जागेवर, माझ्या मांडीवर. वहिनी दाराशी. निघालो आणि दोन्ही बाजूंनी धरून पाऊस आला. शाडू म्हणजे शेवटी माती, पाणी लागलं की तिला घरची आठवण येते. भांगात पडणारा तो वक्तशीर थेंब आता मुकुटावर पडणार होता. वहिनीने काही न बोलता केबिनच्या आत छत्री उघडली.

बंद केबिनमध्ये उघडलेली मोठी छत्री ज्यांनी पाहिली नाही त्यांना कल्पना यायची नाही. एक काडी दादाच्या कानात होती, एक काचेवर, एक माझ्या चष्म्याच्या आत. आरशात मागचं काही दिसत नव्हतं, पुढचं तर आधीपासूनच दिसत नव्हतं. छत्रीवरून ओघळलेलं पाणी वहिनीच्या खांद्यावर आणि माझ्या पोटरीवर वाटून जात होतं. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, आत बघितलं, आणि हात जोडले. बाप्पाला जोडले की आम्हाला, ते कळलं नाही. मूर्ती कोरडी पोचली. आरतीच्या वेळी दादा सारखा कान चोळत होता.

विसर्जन झालं आणि पाऊस जरा उघडला, तशी शोधमोहीम सुरू झाली.

गळती शोधायला पाइप कसा लावायचा याचं एक शास्त्र आहे आणि ते माणसाच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. माणूस पाइप घेतो तो थेट टपावर धरतो. टपावर धरला की पाणी वरपासून खालपर्यंत सगळ्या भोकांवरून जातं, आत पाणी येतं, आणि ते कुठल्या भोकातून आलं हे सुरुवातीइतकंच गूढ राहतं. पाइप खालून वर न्यायचा. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, घाई करायची नाही. आत एकाने सीट आणि मॅट काढून, वर्तमानपत्र अंथरून टॉर्च घेऊन पडायचं. दादाच्या गाडीवरचं क्लीनर पोर आत गेलं. बाहेरून दादा ओरडायचा, “इलां काय रे?” आतून आवाज यायचा, “नाय!” अर्ध्या तासात वाडीतले झाडून सगळे कडेला जमले. दशावतारालाही हल्ली इतके लोक येत नाहीत.

दाराची परीक्षा नोटेने झाली. दार आणि चौकट यांच्यामध्ये नोट ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची. रबर जिवंत असेल तर नोट अडकते, मेलेलं असेल तर सुळकन बाहेर येते. दहाची नोट सगळीकडून सुळकन येत होती. कुणीतरी म्हणालं, पाचशेची लावून बघा. दादाने लावली नाही.

मी त्याला मधेच डॅन्यूब नदीची गोष्ट सांगितली. ही नदी जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ कोरड्या दिवसांत नदीपात्रातल्या भेगांतून जमिनीत गडप होते. तिथून सुमारे बारा किलोमीटरवर आख नावाचा एक भलामोठा झरा आहे आणि त्याचं पाणी दुसऱ्याच नदीला, ऱ्हाइनला जाऊन मिळतं. हे पाणी तेच का, यावर नदीकाठचे आणि झऱ्याकाठचे लोक भांडत होते. १८७७ साली क्नोप नावाच्या भूवैज्ञानिकाने भेगांमध्ये दहा किलो युरेनिन हा रंग ओतला. साधारण साठ तासांनी आखचा झरा हिरवागार वाहायला लागला. निकाल लागला, भांडण मिटलं नाही. १९२७ साली तिथली राज्यं याच पाण्यावरून न्यायालयात उभी होती. वाडीतल्यांना निकालापेक्षा हे दुसरं जास्त ओळखीचं वाटलं.

दादाला रंग पटला. युरेनिन काही कुडाळच्या बाजारात मिळत नाही. नीळ मिळते. टपासाठी वहिनीकडून हळद आणली. हळद कालवलेलं पाणी टपावर, नीळ घातलेलं पाणी काचेच्या खालच्या जाळीत, असं ठरलं. पिवळं आलं तर वरून, निळं आलं तर पुढून, हिरवं आलं तर दोन्हीकडून. इतका स्वच्छ प्रयोग त्या अंगणात पूर्वी झाला नसावा. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

आतून पोर किंचाळलं, “लाल येता!”

शांतता पसरली. लाल कुणीच ओतलं नव्हतं. एकाने कसलंसं ऑइल असेल म्हणून सांगितलं. एकाने गंजाचं पाणी म्हटलं. एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्या मालकाच्या काळात घाटात झालेल्या एका अपघाताबद्दल हळू आवाजात बोलायला लागले आणि दोन मुलं आजीच्या मागे गेली. दादाने मारुतीच्या स्टिकरकडे बघितलं. तेवढ्यात वहिनी ओट्यावरून म्हणाली, “गणपतीक म्हणान खालचां जाजम मीच साबणान धुतलंय. साबण लागलो की हळद लाल होता. इतक्या बापयांक ठाऊक नाय?”

इतक्या बापयांना खरंच ठाऊक नव्हतं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे ज्यांनी कधी कपडे धुतले त्यांनाच माहीत असणार. मग लाल म्हणजे हळद, हळद म्हणजे टप. पहिला चोर सापडला. थोड्या वेळाने जाजमाच्या दुसऱ्या टोकाला निळं आलं आणि पुढची जाळीही आरोपीच्या पिंजऱ्यात गेली.

मग मेस्त्रीला बोलावलं. त्याने टपाच्या आतलं रेक्झीन उसवलं तेव्हा जे दिसलं ते बघायला मला पुन्हा यायला आवडेल. टपाला भोकं होती, आणि एकही भोक गंजाने पडलेलं नव्हतं. सगळी माणसांनी पाडलेली होती. चार भोकं कॅरिअरची. गाडी आधी भाजीवाल्याकडे होती, तो टपावरही टोपल्या लादायचा. दोन भोकं जवळजवळ, ती भोंग्याची. दुसऱ्या मालकाने निवडणुकांत गाडी प्रचाराला दिली होती. त्यामागचं तिरकं भोक झेंड्याच्या काठीचं, आणि ते बुजवून त्याच्याच शेजारी केलेलं दुसरं भोकही झेंड्याच्याच काठीचं. पक्ष बदलला असावा. पुढे कडेला टेपरेकॉर्डरच्या अँटेनाचं. मधे दिव्याशेजारी पंख्याचे दोन स्क्रू. भोंगा गेला, टेप गेला, पंखा गेला, झेंडे तर कितीदा आले-गेले. गाडी विकताना प्रत्येकाने आपापली चीज काढून नेली आणि भोक सोबत दिलं.

बुजवणीही काळानुसार. सगळ्यात जुन्या भोकांत डांबर, नंतरच्यांत लांबी, मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे, शेवटी सिलिकॉनचं पर्व. एका भोकावर चार आण्याचं नाणं बसवून वरून लांबी ओढली होती. दादा आणि मेस्त्री यांच्यात या दुरुस्तीचा काळ ठरवण्यावरून बराच वाद झाला. चार आणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. मेस्त्रीच्या मते काम त्याच्या आधीचं, कारण नाणं चकचकीत होतं. दादाचं म्हणणं, नंतरचं, कारण त्या मालकाला तो ओळखतो. चालणारी पावली त्याने कुठे चिकटवली नसती. मला दादाचा पुरावा बळकट वाटला.

पुढच्या जाळीचं प्रकरण साधं होतं. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे एक खोलगट पन्हळ असते. काचेवरून उतरणारं पाणी तिथे पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे खाली जातं. गाडी वर्षानुवर्षं फणसाखाली लावलेली. पानं पडली, कुजली, त्यात आंब्याचा मोहोर मिसळला, आणि दोन्ही भोकं बंद झाली. मग पन्हळ भरून पाणी हवेच्या झरोक्यातून केबिनमध्ये यायचं, म्हणजे उजव्या वळणावर पाहुण्याच्या बुटात. मेस्त्रीने जाळी काढली तेव्हा त्या गाळात बोटभर उंचीची भाताची चार रोपं उभी होती. जूनमध्ये बियाणं वाहताना सांडलेलं असणार. वहिनी म्हणाली, यंदा लावणी वेळेवर झाली ती एवढीच.

दाराने मात्र दादाला खरा धक्का दिला. खिडकीची काच जिथे दारात शिरते तिथल्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते जाणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. आतल्या पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, तो पाणी केबिनकडे येऊ देत नाही, आणि दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून ते रस्त्यावर पडतं. “म्हणजे पाणी आत घेवची सोय कंपनीनच केलेली?” दादा पुन्हा पुन्हा विचारत होता. फसवणूक झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. त्याच्या दारांतला कागद स्पीकर बसवताना कुणीतरी फाडून टाकला होता आणि तळाची भोकं रंगाच्या थरांनी बुजली होती. मेस्त्रीने तार घातली. डाव्या दारातून अर्धी बादली पाणी आलं. मग पॅनेल काढलं तेव्हा एक बेडूक निघाला, आमच्याकडे बघितलं, आणि घाई न करता फणसाकडे गेला. त्या आठवड्यात नक्षत्राचं वाहन कोणतं होतं ते बघायचं राहूनच गेलं.

ड्रायव्हरची बाजू कोरडी असल्याचा दावाही त्याच दिवशी निकालात निघाला. दादाच्या पायाखालची ओल मेस्त्रीने बोटाने चोळून पाहिली. ती बुळबुळीत होती. ते पाणी नव्हतंच. क्लचच्या पंपातून ऑइल पेडलवरून खाली झिरपत होतं, आणि तिथला रंग त्याने केव्हाच खाल्ला होता. पाण्याची गळती माणसाला भिजवते, ही दुसरी घाटात गिअर पडू देत नाही. मेस्त्रीने बाकी सगळं बाजूला ठेवून पंप आधी बदलला, आणि सबंध मोहिमेत वेळेवर झालेलं काम म्हणाल तर ते एक.

एक प्रश्न उरला होता. भोकं इतकी जुनी, पन्हळ इतकी वर्षं बुजलेली, तर पूर्वीच्या मालकांची कशी काही तक्रार नव्हती? उत्तर जमिनीत होतं. केबिनचा तळ पूर्वी कुजून ठिकठिकाणी फुटला होता. पाणी वरून यायचं आणि खालून जायचं, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी दादाने हौसेने तळाला नवा पत्रा मारून घेतला, कडेने घट्ट वेल्डिंग केलं, एकही भोक ठेवलं नाही. त्या दिवसापासून केबिन गळायला लागली असं सगळे समजत होते. गळत ती आधीपासून होती. भरायला त्या दिवसापासून लागली. मेस्त्रीने हे ऐकून घेतलं, मशीन लावलं आणि नव्या पत्र्याला चार कोपऱ्यांत भोकं पाडून रबरी बुचं बसवली. पूर आला की बूच काढायचं.

टपाची भोकं रीतसर पत्र्याचे तुकडे लावून बंद झाली, वर शिवणीचं सीलर, वर रंग. काच उतरवून नवं रबर घातलं. तेव्हा रबराखालची पत्र्याची कड खरोखरच कुसलेली निघाली, आणि काचवाल्याने पत्रेवाल्याकडे इतक्या तृप्तीने बघितलं की त्याने मजुरी कमी घेतली असती तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. घेतली नाही. हस्ताच्या शेवटच्या सरी आल्या तेव्हा दादा मुद्दाम गाडी काढून बाहेर उभा राहिला आणि मी आत. मधल्या जागेवर भांग कोरडा राहिला. पाहुण्याची जागा कोरडी. कागद कोरडे. दिव्यातून थेंब नाही, उजेडही नाही. दादा छत्रीत उभा राहून काचेवर टकटक करत विचारत होता, “इलां काय?” आणि नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्यासारखा दिसत होता. इतके लोक या गाडीपाशी आता थांबणार नव्हते.

दिवाळीनंतर निवडणूक लागली. भाडं चांगलं होतं. मी गेलो तेव्हा अंगणात ड्रिल मशीनचा आवाज चालू होता, दादा टपावर गुडघ्यांवर बसला होता आणि नव्या रंगावर पेन्सिलीने केलेल्या दोन खुणांपैकी एकीतून पत्र्याचा कीस उडत होता. खाली दोन भोंगे तयार ठेवले होते.

“रबर घालतंय बोल्टाखाली,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

वहिनी पिशवी घेऊन ओट्यावर उभी होती. “हळद परत लागतली तर आत्ताच सांगा,” ती म्हणाली, “बाजारात जातंय.”